खडकबागेतले जेन्शियन



आजच्या स्मृतिव्याख्यानाचा विषय आहे बोटभर उंचीचे एक रोप. नाव जेन्शियाना अकॉलिस. पाने जमिनीलगत दाटीने पसरलेली, बाराही महिने हिरवी. वसंत ऋतूत त्या पानांमधून पाच-सहा सेंटिमीटर लांबीचे, कर्ण्याच्या आकाराचे फूल वर येते. देठ इतका आखूड की फूल जमिनीतूनच उगवल्यासारखे दिसते. तोंड थेट आकाशाकडे, रंग गडद निळा आणि गळ्याच्या आत हिरवट ठिपके. ढग दाटले की फूल मिटते, ऊन पडले की पुन्हा उघडते. आल्प्स, पिरेनीज आणि कार्पेथियन पर्वतांतल्या उंच कुरणांवर ते रानात फुलते. हिवाळ्यात ते कित्येक महिने बर्फाखाली गाडलेले असते आणि शून्याखाली वीस अंशांची थंडी सहज सोसते.

एवढे काटक रोप मैदानातल्या बागेत आणले की मात्र कुरकुर करते. कधी हिवाळ्यात सडते, कधी उन्हाळ्यात झुरते. कधी पानांनी भरगच्च वाढते, पण वर्षानुवर्षे एक कळी धरत नाही. युरोपातले बागकामाचे शौकीन आणि वनस्पतिशास्त्रज्ञ गेली साडेचारशे वर्षे या कोड्याशी झुंजत आले. त्या झुंजीतून बागकामाची एक स्वतंत्र शाखा उभी राहिली. तिचे नाव रॉक गार्डन, आपल्या शब्दांत खडकबाग.

रॉक गार्डन म्हटले की आपल्याकडे चंडीगढ डोळ्यांपुढे येते. नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे आणि टाकाऊ सामान वापरून घडवलेले ते शिल्पविश्व १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि जगभर गाजले. आजचा विषय त्याहून वेगळा आहे. इथे दगड शिल्पासाठी येत नाहीत, मुळांसाठी येतात. डोंगरावरच्या झाडाला डोंगराखाली जगता यावे म्हणून केलेली माती, खडी आणि दगड यांची मांडणी, एवढाच खडकबागेचा अर्थ आहे.

ही गोष्ट सुरू होते व्हिएन्नात. सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याच्या बोलावण्यावरून १५७३ मध्ये कारोलुस क्लुसियस हे वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे आले. त्या काळी उंच डोंगरावर फुलांसाठी चढणारा माणूस विरळाच. क्लुसियस ऑस्ट्रियातल्या श्नेबर्ग आणि ओट्शर या डोंगरांवर चढले, तिथल्या वनस्पतींची वर्णने लिहिली आणि काही रोपे खाली बागेत आणून लावली. १५८३ मध्ये त्यांचा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बागेत आणलेल्या डोंगरी रोपांपैकी थोडीच टिकली. डोंगरावर मातीची वानवा, वारा बोचरा, उन्हाळा जेमतेम तीन महिन्यांचा. मग बागेतली सुपीक माती, आडोसा आणि माळ्याचे लाड मिळाल्यावर रोपाने मरावे का? पुढची तीन शतके हा प्रश्न अनेकांना छळत राहिला.

मधल्या काळात दगड आले, पण उत्तर आले नाही. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये १७७३ मध्ये एक खडकबाग पुरी झाली. युरोपातल्या सर्वांत जुन्या खडकबागांमध्ये तिची गणना होते. तिच्यात टॉवर ऑफ लंडनमधले जुने दगड आहेत आणि जोसेफ बँक्स यांनी आइसलँडहून जहाजातून आणलेला काळा लाव्हाही आहे. पुढे इंग्लंडच्या धनिकांना आल्प्सची नक्कल करण्याचा छंद लागला. हेन्ली गावातल्या फ्रायर पार्क या वाड्यात सर फ्रँक क्रिस्प यांनी मॅटरहॉर्न शिखराची प्रतिकृती उभारली. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने १९७० मध्ये विकत घेतलेला वाडा तो हाच.

दगडांच्या या दिखाऊपणावर सर्वांत कडाडून तुटून पडले ते रेजिनाल्ड फॅरर. जन्म १८८०, घर यॉर्कशरमधल्या क्लॅपहॅम गावी, इंगलबरो डोंगराच्या पायथ्याशी. जन्मतःच टाळू दुभंगलेली असल्यामुळे शिक्षण घरीच झाले. एकटा मुलगा चुनखडीच्या डोंगरावर भटकत वाढला आणि किशोरवयातच घराजवळच्या एका जुन्या खाणीत त्याने आपली पहिली खडकबाग रचली. १९०७ मध्ये ‘माय रॉक गार्डन’ हे त्यांचे पुस्तक आले आणि खडकबागेचा विचारच पालटला. नुसते दगडांचे ढीग घालणे, दगड सुळ्यांसारखे उभे रोवणे, दगडांच्या बेचक्यांत मूठभर माती भरून रोप कोंबणे या तिन्ही प्रकारांची त्यांनी रेवडी उडवली. त्यांचे म्हणणे सरळ होते. आधी रोपाला काय हवे ते पाहा, मग दगड कुठे ठेवायचा ते ठरवा.

त्यांच्या फटकळपणाने माणसेही दुखावली. ई. ए. बोल्स यांच्या १९१४ सालच्या पुस्तकाला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी नाव न घेता दिखाऊ बागांवर कोरडे ओढले. क्रिस्प यांना ते आपल्यालाच उद्देशून वाटले. त्यांनी उत्तरादाखल पत्रक छापले आणि एलन विल्मट या नामवंत उद्यानतज्ज्ञ बाईंनी ते चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात स्वतः वाटले. फुलझाडांच्या मांडणीवरून एवढे रण माजावे याचे आज नवल वाटते. पण त्या वादाचा फायदा झाला. दगड शोभेचा की उपयोगाचा, हा प्रश्न चव्हाट्यावर आला.

एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये हा बदल प्रत्यक्ष उतरला. तिथे १८७१ मध्ये जेम्स मॅकनॅब यांनी केलेल्या खडकबागेत पाच हजारांहून जास्त छोटे कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात एक रोप, अशी ती संग्रहालयी मांडणी. आयझॅक बेली बाल्फोर यांनी १९०८ ते १९१४ या काळात ती मोडून नव्याने रचली. डोंगराचे उतार, घसारा, ओहोळाचा काठ अशा जागा तयार केल्या. तिथली आजची विख्यात खडकबाग याच पुनर्रचनेतून आली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डोंगर या रोपाला असे काय देतो, जे बाग देत नाही?

पहिले उत्तर बर्फाचे. वर हवा शून्याखाली वीस अंशांवर असली तरी बर्फाच्या जाड थराखाली तापमान शून्याच्या आसपास स्थिर राहते. बर्फात हवा अडकलेली असते आणि ती पांघरुणाचे काम करते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गोठलेल्या बर्फाखाली रोप कोरडे असते. लंडन, पॅरिस किंवा हॅम्बुर्गच्या हिवाळ्यात बर्फ दोन दिवस पडतो, चार दिवसांनी वितळतो, मग पाऊस, मग पुन्हा दहिवर. पानांच्या गड्ड्यात पाणी साचते, बुरशी धरते आणि खोडाचा जमिनीलगतचा भाग सडतो. थंडीने मेले असे ज्याच्याबद्दल सांगतात, ते रोप बहुतेक वेळा ओलीने मेलेले असते.

दुसरे उत्तर उन्हाळ्याच्या रात्रींचे. डोंगरावर दिवसा ऊन कडक, पण रात्री गारवा. रोप दिवसभर प्रकाशात साखर तयार करते आणि रात्री श्वसनात त्यातली काही खर्च करते. रात्र जितकी उबदार, तितका खर्च जास्त. मैदानातल्या दमट, उबदार रात्रींमध्ये जमा कमी आणि खर्च जास्त असा हिशेब होतो आणि रोप हळूहळू खंगते.

तिसरे उत्तर पाण्याचे. डोंगर कोरडा दिसतो, पण खडी सरकवून बघितले तर खाली ओल सापडते. वितळणाऱ्या बर्फाचे पाणी उन्हाळाभर उतारावरून मुळांशी येते आणि थांबत नाही, पुढे जाते. मुळांना ओल मिळते आणि हवाही मिळते. बागेतल्या चिकण मातीत पाणी येते आणि बसून राहते.

उंचीला स्वतःचे महत्त्व नाही, याचा उत्तम पुरावा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. क्लेअर परगण्यातला बरेन हा चुनखडीचा उघडा, भेगाळलेला प्रदेश. तिथे जेन्शियाना व्हर्ना हे आल्प्समधले वसंती जेन्शियन जवळजवळ समुद्रसपाटीला फुलते. एप्रिल-मेमध्ये राखाडी दगडांच्या फटींतून निळ्या चांदण्या उमटतात. अटलांटिकचा वारा उन्हाळा थंड ठेवतो, चुनखडीतून पाणी क्षणात निथळते आणि माती पातळ असल्यामुळे दांडगे गवत माजत नाही. त्यात तिथल्या शेतकऱ्यांची एक जुनी रीत उपयोगी पडते. जगात बहुतेक ठिकाणी गुरे उन्हाळ्यात डोंगरावर नेतात. बरेनमध्ये ती हिवाळ्यात वर चरतात आणि वसंतात खाली उतरतात. हिवाळाभर गुरांनी वाळके गवत खाऊन जागा मोकळी केलेली असते आणि फुलांच्या वेळी त्यांची तोंडे तिथे नसतात. चराई थांबली की झुडपे माजतात आणि जेन्शियन त्यांच्या सावलीत नाहीसे होते. संवर्धनाच्या योजनांनी पुढे याच रीतीला बळ दिले.

नॉर्वेतल्या ट्रोम्सो शहराचाही असाच दाखला आहे. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, समुद्राकाठी १९९४ मध्ये उघडलेल्या वनस्पती उद्यानात जेन्शियन आणि हिमालयातल्या निळ्या पॉपी उत्तम वाढतात. तिथे दोन महिने सूर्य मावळत नाही, पण उकाडा म्हणून होत नाही. लंडनच्या क्यू गार्डनला मात्र असे हवामान लाभलेले नाही. तिथे २००६ मध्ये डेव्हिस अल्पाइन हाउस हे काचघर बांधले गेले. उंच कमानीतून तापलेली हवा वर निघून जाते आणि जमिनीखालच्या भुयारांमधून गार झालेली हवा रोपांवरून फिरवली जाते. काचघर म्हणजे ऊब ही आपली समजूत. इथे काचघर गारव्यासाठी आणि पाऊस अडवण्यासाठी आहे.

मातीच्या बाबतीत सगळी जेन्शियन एका पंगतीला बसत नाहीत. ऑस्ट्रियातल्या किट्सब्यूल गावी डॉक्टरकी करणाऱ्या फ्रान्झ उंगर यांनी १८३६ मध्ये दाखवून दिले की शेजारी शेजारी असलेल्या दोन डोंगरांवर खडक बदलला की फुले बदलतात. चुनखडीवर जेन्शियाना क्लुसिआय, तर आम्लधर्मी, सिलिकायुक्त खडकावर तिची सख्खी बहीण अकॉलिस. पहिलीच्या नावात व्हिएन्नाचे तेच क्लुसियस आहेत. बागेतली अकॉलिस मात्र बरीच समजूतदार आहे. जुन्या बागांमधून पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या वाणांत अनेक जातींचा संकर झालेला असावा, त्यामुळे ती थोडा चुना सोसते. उलट चीनच्या युन्नान प्रांतातले शरद ऋतूत फुलणारे जेन्शियाना सायनो-ऑर्नाटा चुन्याचा वारासुद्धा सहन करत नाही. वनस्पतिसंग्राहक जॉर्ज फॉरेस्ट यांना ते १९०४ मध्ये सापडले आणि १९१० च्या सुमारास त्याचे बी ब्रिटनमध्ये पोचले. स्कॉटलंडच्या आम्ल, ओलसर, पानांच्या खताने भरलेल्या मातीत ते असे रमले की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथल्या बागांत त्याच्या निळ्या चटया पसरतात. फॅरर यांनाही १९१४ मध्ये चीनच्या कान्सू प्रांतात एक आकाशी जेन्शियन मिळाले. बाल्फोर यांनी त्याला जेन्शियाना फॅररी हे नाव दिले. ते शरदातलेच, पण चुन्याची तक्रार न करणारे. फॅरर यांचा मृत्यू ऑक्टोबर १९२० मध्ये उत्तर ब्रह्मदेशात, रोपांच्या शोधमोहिमेवर असताना, वयाच्या चाळिसाव्या वर्षी झाला. त्याच्या वर्षभर आधी, १९१९ मध्ये, त्यांचा ‘द इंग्लिश रॉक गार्डन’ हा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता.

तेव्हा जेन्शियन लावणाऱ्याने पहिला प्रश्न विचारायचा तो आपल्या मातीला. चुना आहे का? असेल तर सायनो-ऑर्नाटाचा नाद सोडावा किंवा ते कुंडीत पावसाच्या पाण्यावर वाढवावे. व्हर्ना, क्लुसिआय आणि अकॉलिस यांना मात्र तिथे जागा आहे.

आता प्रत्यक्ष मांडणी. खडकबाग झाडांच्या सावलीपासून आणि गळणाऱ्या पानांपासून दूर, उघड्यावर हवी. जमीन चिकण असेल तर वाफा वर उचलून घ्यावा आणि तळाचे पाणी वाहून जायला वाट द्यावी. मातीचे सर्वसाधारण मिश्रण म्हणजे एक भाग पोयट्याची माती, एक भाग पानांचे चांगले कुजलेले खत आणि एक भाग चार-सहा मिलिमीटरची धारदार खडी. अकॉलिसला यात मातीचा वाटा वाढवून द्यावा, कारण ती कुरणातली आहे, कड्यावरची नाही. व्हर्नाच्या मिश्रणात जुने, पूर्ण कुजलेले शेणखत घालण्याची शिफारस जुने जाणकार करतात. गुरे चरतात अशा कुरणात राहणाऱ्या फुलाला ते मानवते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. निचरा व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालतात आणि वर बारीक माती भरतात. त्याने निचरा वाढत नाही. भिजलेला स्पंज खडीवर ठेवला तरी तो आपले पाणी सोडत नाही, तसेच बारीक माती करते. तिच्यातले पाणी केशाकर्षणाने धरून ठेवलेले असते आणि खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते उतरत नाही. खडी तळाला नको, मिश्रणात सगळीकडे हवी.

दगडांबद्दल फॅरर यांचा धडा आजही तसाच लागू आहे. दगड जवळपासच्या खाणीतला, एकाच जातीचा घ्यावा. त्याचा बराचसा भाग जमिनीत गाडावा. वरचा पृष्ठभाग मागच्या बाजूला किंचित कललेला ठेवावा, म्हणजे त्यावर पडलेला पाऊस घरंगळून पुढे न जाता मागे मुळांकडे उतरतो. दगडांतल्या थरांच्या रेषा सगळीकडे एकाच दिशेने जाव्यात, मग बाग जमिनीतून वर आलेल्या खडकासारखी दिसते. गाडलेल्या दगडाखाली उन्हाळ्यातही गारवा आणि ओल टिकते आणि मुळे तिकडेच धावतात. गेल्या काही दशकांत चेक प्रजासत्ताकातल्या हौशी बागवानांनी याच विचाराला पुढे नेले. चपटे दगड उभे, एकमेकांना जवळजवळ चिकटून लावायचे आणि मधल्या अरुंद फटींमध्ये रोपे लावायची. अशा फटींच्या बागा आता इंग्लंडपासून कॅनडापर्यंत होत आहेत. फटीत पाणी साचत नाही, मूळ खोल जाते आणि फार थोडी जागा पुरते. ज्यांच्याकडे तेवढीही जागा नाही, त्यांच्यासाठी दगडी डोणी आहेत. गुरांना पाणी पाजायच्या जुन्या डोणींत डोंगरी फुले लावण्याची प्रथा क्लॅरेन्स इलियट या इंग्रज रोपवाटिकाकाराने रूढ केली. घराच्या पायरीशी असलेल्या अशा डोणीतसुद्धा जेन्शियन सुखाने राहते.

रोप लावल्यावर माती हाताने घट्ट दाबावी आणि मानेभोवती दोन-तीन सेंटिमीटर खडी पसरावी. या खडीची तीन कामे. मान कोरडी राहते, मुळे गार राहतात आणि पावसाचे थेंब चिखल उडवून पाने माखत नाहीत. वसंतात कळ्या येत असताना रोपाला तहान लागू देऊ नये. गोगलगायींवर रात्री नजर ठेवावी, कारण जेन्शियनच्या कळ्या त्यांचा आवडता खाऊ.

आणि तरीही अकॉलिस फुलली नाही तर? ही तिची जुनी खोड. एका बागेत शेकडो फुले, शेजारच्या बागेत नुसती पाने, असा अनुभव इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोक सांगत आले आहेत. त्यावरचे अनुभवसिद्ध उपाय थोडे आहेत. जागा पूर्ण उन्हाची आहे ना, हे पाहावे. माती फार भुसभुशीत असेल तर दाबून घट्ट करावी. तीन-चार वर्षांनी गड्डा उकरून, मुळ्यांसह लहान लहान भाग करून, वर ताजे कंपोस्ट देऊन पुन्हा लावावा. तेवढ्यानेही भागले नाही तर सरळ जागा बदलावी, मग ती अवघी दोन-चार फुटांवरची का असेना. न फुलणारे रोप नव्या जागी भरभरून फुलल्याची उदाहरणे भरपूर आहेत. तिचे वेगवेगळे वाणही कमी-जास्त फुलतात, म्हणून रोपवाटिकेतून घेताना फुललेल्या रोपापासून वाढवलेलेच रोप मागावे.

जेन्शियनची सर्वांत समाधानाची लागवड मात्र बियांपासूनची. बी धुळीसारखे बारीक असते आणि जुने झाले की त्याची उगवण झपाट्याने घटते, म्हणून ताजेच घ्यावे. थंडीच्या सुरुवातीला खडीमिश्रित मातीच्या कुंडीत ते वरवर पेरावे, बारीक खडीचा विरळ थर द्यावा आणि कुंडी सरळ उघड्यावर दहिवरात ठेवून द्यावी. बियांना काही आठवडे ओलसर थंडी भोगावी लागते. ती भोगल्याशिवाय आतला अंकुर जागा होत नाही. डोंगरावर हीच योजना बियाला शरदातल्या फसव्या उबेत उगवून बर्फात मरण्यापासून वाचवते. वसंतात रोपे दिसतात, बोटाच्या पेराएवढी झाली की वेगळी करायची आणि दोन-तीन वर्षांनी पहिले फूल येते. ब्रिटनची अल्पाइन गार्डन सोसायटी १९२९ मध्ये, स्कॉटिश रॉक गार्डन क्लब १९३३ मध्ये आणि उत्तर अमेरिकेतली रॉक गार्डन सोसायटी १९३४ मध्ये स्थापन झाली. या संस्था दरवर्षी सभासदांनी जमवलेल्या बियांची देवाणघेवाण करतात. एका पाकिटाच्या बियांतून जी बाग उभी राहते, तिच्यासाठी डोंगरावरचे एकही रोप उपटावे लागत नाही.

हा मुद्दा आपल्या दारापर्यंत येतो. जेन्शियनच्या कितीतरी जाती हिमालयात आहेत. त्यांतली जेन्शियाना कुर्रू काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या उतारांवर वाढते. तिचे कडू मूळ औषधात वापरतात. पान तोडले तर रोप जगते, मूळ काढले तर संपते. बेसुमार खणाईमुळे ही जात आज आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. हिमालयातल्याच कामेत शिखरावरून परतताना १९३१ मध्ये गिर्यारोहक फ्रँक स्माइथ ज्या भ्यूंदार खोऱ्यात उतरले, ते १९३८ च्या त्यांच्या पुस्तकामुळे ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ म्हणून जगाला कळले. १९३९ मध्ये तिथे वनस्पती गोळा करताना जोन मार्गारेट लेग या कड्यावरून घसरून मरण पावल्या. त्यांची समाधी खोऱ्यातच आहे. दर पावसाळ्यात महाराष्ट्रातून कितीतरी माणसे हे खोरे बघायला घांघरियाची चढण चढतात आणि पायवाटेच्या कडेला त्यांना छोटी निळी जेन्शियन भेटतात.

पुण्या-नाशकात अकॉलिस लावता येईल का, असे कोणी विचारले तर उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. आपल्या एप्रिलच्या रात्री तिला सोसणार नाहीत. पण जेन्शियनच्याच कुळातली एक्झॅकम आणि स्वर्शिया सह्याद्रीत आहेत. महाबळेश्वर आणि कासच्या परिसरात पावसाळ्याच्या शेवटी एक्झॅकमची निळी-जांभळी फुले उमलतात. कासचे पठार म्हणजे जांभ्या दगडावरचा मातीचा पातळ थर. चार महिने पाण्याने डबडबलेले, उरलेले आठ महिने तापून करपलेले. आल्प्सच्या अगदी उलट वेळापत्रक, पण तत्त्व तेच आहे. दगड, पातळ माती आणि पाण्याची ठरलेली चाल यांवर तिथले सगळे जीवन उभे आहे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरले. तिथले एखादे रोप उपटून घरच्या कुंडीत लावणाऱ्याला फुलाबरोबर तो दगड आणि तो पाऊस नेता येत नाही.

डोंगरही आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. स्वित्झर्लंडच्या ३४१० मीटर उंच पिझ लिनार्ड शिखरावर ओस्वाल्ड हेर १८३५ मध्ये चढले, तेव्हा माथ्यावर त्यांना फुलझाडाची एकच जात दिसली, अँड्रोसेस अल्पायना. २०११ पर्यंत तिथे सोळा जाती नोंदल्या गेल्या. युरोपातल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी ताडून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की शिखरांवर नव्या जाती येण्याचा वेग अर्धशतकापूर्वीच्या पाचपट झाला आहे. ऐकायला ही समृद्धी वाटते. पण खालची दांडगी झाडे वर चढत आहेत आणि माथ्यावरच्या ठेंगण्या रोपांना आणखी वर जायला जागा नाही. बागेत त्यांना वाढवण्याची विद्या म्हणून आज अधिक मोलाची झाली आहे. मात्र बाग डोंगराची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. बागेत रोप जगते. त्याचे परागसिंचन करणारे भुंगे, मुळांशी नांदणारी बुरशी आणि गुरांची चराई यांच्यासह सगळा संसार फक्त डोंगरावर असतो.

तेव्हा आपल्यातली जी माणसे किंवा ज्यांची मुलेबाळे आज स्कॉटलंडमध्ये, जर्मनीत किंवा कॅनडात थंड उन्हाळ्याच्या गावी राहतात, त्यांनी एक दगडी डोण किंवा चार हात वाफा जेन्शियनसाठी जरूर राखावा. बी अल्पाइन गार्डन सोसायटीसारख्या संस्थेकडून घ्यावे, रोप घ्यायचे तर रोपवाटिकेत वाढवलेलेच घ्यावे आणि विकणाऱ्याला ते कुठून आले हे विचारावे. आणि इथे बसलेल्या सर्वांनी भ्यूंदारमध्ये किंवा कासला जाताना पायवाट सोडू नये, मूळ खणू नये आणि कोणी खणत असेल तर त्याला तिथेच थांबवावे.